लाईन बोलते

तीस वर्षं मी लोखंडी सळईला कान लावून
रस्त्याखालचं पाणी ऐकलं.
रात्री दोनला, गोळीबार चौक निजलेला असताना
सळईचं एक टोक डांबरावर, दुसरं कानामागच्या हाडाला,
आणि खालून बारीक, सुस्स...
आम्ही व्हॉल्व्हमन म्हणायचो : लाईन बोलून राहिली.

हर्षाली सव्वीसची. कळमन्याच्या मंडीत हिशेब लिहिते.
एकशे नव्वदवर एकशे वीस.
मशीन बिघडलं म्हणून दुसरं आणलं.
तिसऱ्यावरही तेच.
आत्या म्हणाली, लग्नाचं टेन्शन घेते पोट्टी.
एकजण म्हणाला, मोबाईल.
तिच्या आईनं पापडाचा डबा माळ्यावर टाकला.
गोळी एकाची दोन झाली, दोनाच्या तीन,
आणि डोकं तसंच ठणकत राहिलं, सकाळी सकाळी.

मग मेडिकल चौकातले डॉक्टर झोडपे.
त्यांनी नळी छातीवर ठेवलीच नाही फार.
पोटावर ठेवली, बेंबीच्या वर, जराशी उजवीकडे,
आणि डोळे मिटले.

ते डोळे मिटणं मी ओळखलं.

"ऐकायचं आहे?" म्हणाले.
ऐकलं. दर ठोक्याला, सुस्स.

चिठ्ठीच्या मागे त्यांनी नस काढली, मूत्रपिंडाकडे जाणारी,
मध्येच आवळलेली.
"पलीकडे रक्त कमी पोचतं. मूत्रपिंडाला वाटतं
अख्ख्या अंगातच दुष्काळ.
ते निरोप धाडत राहतं : प्रेशर वाढवा."

म्हटलं, साहेब, कळलं. ही सगुणाबाई धकाते आहे.

पाचपावलीत टेल एंडचं घर तिचं.
रोज सकाळी रिकामी गुंडी घेऊन वॉर्ड ऑफिसात उभी.
काहून रे, मी का माणूस नाही?
साहेब ओरडायचे, आम्ही चक्र फिरवायचो,
तिच्या नळाला धार करंगळीएवढीच,
आणि तिकडे लकडगंजात जॉइंट फुटून
पुरुषभर फवारा.
बारा वर्षं तिचा राग आम्ही वर वर पोचवला.
तिच्या दारासमोरची लाईन कुणी खोदली नाही.
खोदली तेव्हा सहा इंचांच्या पाइपात
रुपयाएवढं भोक उरलेलं. बाकी सगळा गंज.
बाई खोटं बोलत नव्हती.
तिला फक्त आपल्या नळाएवढंच शहर दिसत होतं.

मे महिना. वेटिंग हॉलमधला कूलर गरम हवाच फेकत होता.
संमतीच्या कागदावर सही करताना
मोठमोठी चक्रं फिरवलेला हा हात
'पराते' मधल्या रफारासाठी अडखळला,
आणि 'पराते'त रफार नाहीच मुळी.

जांघेतून तार घातली, वर नेली.
पडद्यावर नस दिसली : ओवलेली,
फुगीर, बारीक, फुगीर, बारीक, मण्यांची माळ.
कुणी घातली तिच्या आत?
"कारण नक्की सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.
मला ते उत्तर आवडलं.
खोदल्याशिवाय बोलणारे इंजिनिअर फार पाहिले.

तिथे नेऊन इवलासा फुगा फुगवला. काही सेकंदच.
"बाबा, कमरेत कळ आली," नंतर ती म्हणाली,
"मग कुणीतरी गाठ सोडल्यासारखं."

सहा आठवड्यांनी एकशे चौतीसवर चौऱ्याऐंशी.
तीनातल्या दोन गोळ्या गेल्या. एक आहे.
"बरी झाली म्हणून विसरू नका,
नस परत आवळू शकते. दाखवत राहा."
विसरतो कसा?
लाईन टाकून विसरलेलं शहर मी पाहिलं आहे.

निघताना मी लाज सोडून नळी मागितली.
ठेवली. डोळे मिटले.
तिचं पोट गुरगुरलं, आधीच उपाशी आलेली.
त्यापलीकडे काही नाही.

"काय म्हणते लाईन?" हर्षालीनं विचारलं.
"म्हणते, तर्री पोहा."
"तर्रीत मीठ असते, बाबा."
"मग नुसते पोहे," मी म्हणालो,
आणि जरा वेळ तशीच धरून बसलो नळी
त्या न बोलणाऱ्या लाईनवर.